नववीचा बाक

युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या चाळीसहून अधिक देशांत दर चार वर्षांनी शाळकरी मुलांना एक प्रश्नावली भरायला देतात. मुलं अकरा, तेरा आणि पंधरा वर्षांची. सकाळी काही खाऊन निघता का, फळं आठवड्यातून किती वेळा खाता, दात किती वेळा घासता, कधी सिगारेट ओढून पाहिली का, शाळेत कोणी छळतं का, मन कसं असतं, असे ते प्रश्न. इंग्लंड, फिनलंड आणि नॉर्वे इथल्या मोजक्या संशोधकांनी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतलं आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्याने ते वाढत गेलं. त्या प्रश्नावलीत आरोग्याशी काहीच संबंध नसल्यासारखे वाटणारे सहा प्रश्न असतात. घरी मोटार आहे का? तुला स्वतःची खोली आहे का? घरात संगणक किती? न्हाणीघरं किती? भांडी धुण्याचं यंत्र आहे का? गेल्या वर्षी सुटीत घरचे परदेशी किती वेळा गेले? बापाचा पगार मुलाला ठाऊक नसतो, ठाऊक असला तरी तो सांगत नाही. पण खोली आणि मोटार त्याला ठाऊक असते. या सहा उत्तरांवरून घराची ऐपत ठरते आणि ती बाकीच्या उत्तरांशी ताडून पाहतात. बहुतेक देशांत तेच दिसतं: ऐपत कमी तिथे सकाळचा नाश्ता कमी, फळं कमी, आणि ‘माझी तब्येत चांगली आहे’ असं म्हणणारी मुलंही कमी.

हीच प्रश्नावली जशीच्या तशी वऱ्हाडातल्या शेंदूरजनाघाटच्या नववीच्या वर्गात वाटली तर काय होईल? भांडी धुण्याच्या यंत्रापुढे जवळजवळ सगळा वर्ग ‘नाही’ लिहील. परदेशापुढेही तेच. कागद गोळा करणारा म्हणेल, इथे सगळे सारखेच दिसतात. आणि त्याच वर्गात, एकाच बाकावर, एक मुलगा असा असेल ज्याच्या घरचा संत्र्याचा बगीचा हजार झाडांचा आहे, आणि त्याला खेटून दुसरा, ज्याची माय त्याच बगीच्यात तोडणीला जाते. दोघांचं वय एक, गणवेश एक, मास्तर एक. विशीला पोचेपर्यंत दोघांच्या शरीरांत जो फरक पडतो, त्याच्याविषयी हे पुस्तक आहे.

म्हणून इथले प्रश्न वेगळे हवेत. बोअरला पाणी आहे की ती आटली? बगीचा झाडावरच व्यापाऱ्याला विकला, की बाप व्यापाऱ्याच्या टोळीत तोडणीला आहे? घरात कोणी सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावरचा गडी, आहे का? माय रोजाने जाते का, आणि सकाळी किती वाजता घर सोडते? घरचं पाणी कोण भरतं? संडास घरात आहे का, आणि त्यात पाणी आहे का? फोन कोणाचा, आणि रात्री तो कोणाच्या हातात असतो? मागच्या मृग बहाराच्या तोडणीत शाळा बुडाली का? या प्रश्नांची उत्तरं पंधरा वर्षांचं लेकरू न अडखळता देतं. आणि त्या उत्तरांतून त्याचं वजन, त्याच्या रक्तातलं लोह, त्याच्या दातांचा रंग, मुलगी असेल तर तिची शाळा सुटण्याचं साल, यांचा बराचसा अंदाज येतो. हे मला फार अस्वस्थ करतं. मुलाच्या तब्येतीचा अंदाज त्याला न तपासता येत असेल, तर त्या तब्येतीला त्याची एकट्याची ‘सवय’ म्हणणं न्यायाचं नाही.

गाव म्हणाल तर सुखवस्तू म्हणावं असं. वरुड तालुका, अमरावती जिल्ह्याचं ईशान्य टोक, पाठीशी सातपुडा आणि पलीकडे मध्य प्रदेश. वरुड-मोर्शीचा पट्टा संत्र्यासाठी देशभर ओळखला जातो आणि या पट्ट्यात शेंदूरजनाघाटची ओळख संत्र्याच्या कलमांची. इथल्या रोपवाटिकांत जंभेरीच्या खुंटावर डोळा बांधलेली कलमं दूरदूरच्या गाड्यांत चढतात. नगरपरिषद आहे, शाळा आहेत, कोचिंगचे फलक आहेत, मोटारसायकलींची रांग आहे. मागासलेपणाची चर्चा निघाली की अमरावती जिल्ह्यात सगळ्यांची बोटं मेळघाटाकडे वळतात, धारणी आणि चिखलदऱ्याकडे, आणि ते बरोबरच आहे. पण त्यामुळे संत्र्याच्या गावाला कोणी हे विचारत नाही की तुमच्याकडे कोणाचं लेकरू अशक्त आहे. जिल्ह्याची सरासरी, तालुक्याची सरासरी, गावाची सरासरी. सरासरीच्या पोटात कोण उपाशी आहे ते सरासरी सांगत नाही.

पाण्याचीही तीच कथा. वरुड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी बदनाम आहेत. बोअर शेकडो फूट खाली गेल्या, त्यांच्यामागे कर्ज गेलं. ज्याच्या बोअरला पाणी लागलं त्याचा बगीचा जगला, ज्याच्या नाही लागलं त्याने वाळलेली झाडं तोडून सरपण केलं, आणि त्याचा मुलगा पुढच्या हंगामात दुसऱ्याच्या वावरात दिसला. बागायतदार आणि मजूर या दोन जाती नाहीत, दोन-तीन कोरड्या उन्हाळ्यांत माणूस एकीतून दुसरीत जातो. बांगलादेशाने संत्र्यावरचं आयातशुल्क वाढवलं की इथला भाव कोसळतो, आणि कोणत्या तरी घरी मुलीची अकरावी पुढे ढकलली जाते. किशोरवयीन मुलांच्या आरोग्यावर लिहिताना ढाक्याचं शुल्क कशाला, असं कोणी विचारेल. त्याच्यासाठीच ही प्रस्तावना एवढी लांबली आहे.

आता ताटाकडे येऊ, कारण सुरुवात तिथून होते.

सहावी ते आठवीच्या मुलाला शाळेत दुपारी जो आहार मिळतो त्याचं प्रमाण ठरलेलं आहे: ७०० उष्मांक आणि २० ग्रॅम प्रथिनं. कागदावरचं प्रमाण आणि ताटातलं प्रमाण यांत कधी अंतर पडतं, तरी रोज एक गरम जेवण पोटात जातं ही मोठी गोष्ट आहे. ज्या घरची माय सकाळी सातला तोडणीच्या गाडीत बसते, त्या घरच्या लेकरांचं दिवसातलं पहिलं पोटभर जेवण बहुधा तेच असतं. हा आहार आठवीला संपतो. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने हक्क दिला तो आठवीपर्यंतचा, वय चौदापर्यंतचा. चौदाव्या वर्षी मुलाची उंची सगळ्यांत झपाट्याने वाढत असते. मुलीची पाळी सुरू होऊन एक-दोन वर्षं झालेली असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२०च्या शिफारशी सांगतात की तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं, मुलाला २२. शरीराची मागणी झपाट्याने वाढत असते त्या जूनमध्ये सरकार ताट उचलून घेतं. आठवीत शेजारी बसून एकच खिचडी खाणारे दोघे नववीत वेगळे होतात. एकाच्या डब्यात पोळी, भाजी, वर तुपाचा हात. दुसऱ्याकडे डबाच नसतो, तो मधल्या सुटीत बाहेर निघून जातो, आणि तो बाहेर का जातो हे कोणी पाहत नाही.

याच वयासाठी सरकारची एक चांगली योजना आहे. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींना आठवड्याला एक लोह-फॉलिक आम्लाची गोळी, निळी. २०१८च्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात तिचं प्रमाण ६० मिलिग्रॅम लोह असं ठरलं. गोळी जेवणानंतर घ्यायची असते, कारण रिकाम्या पोटी लोहाने मळमळतं. आठवीपर्यंत हे सोपं आहे: खिचडी झाली की गोळी. नववीत? नववीत गोळी आहे आणि खिचडी नाही. सकाळी चहात टोस्ट बुडवून आलेली पोरगी अकरा वाजता गोळी गिळते, तिला मळमळतं, कधी वर्गातच उलटी होते. दुसऱ्या दिवशी शौचाला काळं होतं, ती घाबरते. पुढच्या सोमवारी ती गोळी तोंडात धरते आणि खिडकीतून थुंकते. बाकीच्याही तिचं पाहून तेच करतात. मग अहवालात लिहिलं जातं, मुली गोळ्या घेत नाहीत, जनजागृतीची गरज आहे. जाग तर त्या मुलीला पुरेपूर आहे. रिकाम्या पोटी काय होतं हे तिला अहवाल लिहिणाऱ्यापेक्षा जास्त कळतं. तिला हवी होती ती भाकर.

आकडे लहान नाहीत. २०१६ ते २०१८ या काळात देशभर झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दहा ते एकोणीस वयोगटातल्या ४० टक्के मुली आणि १८ टक्के मुलगे रक्तक्षयी आढळले. चोवीस टक्के किशोरवयीन वयाच्या मानाने बारीक होते. संत्र्याच्या गावात यातला एक पेच फार बोचतो. क जीवनसत्त्व सोबत असलं की धान्य-भाजीतलं लोह शरीर अधिक शोषून घेतं, आणि चहा सोबत असला की कमी. म्हणजे जेवणासोबत एक संत्रं, आणि चहा तासभर लांब, एवढ्याने काही अंशी फरक पडावा. गाव संत्र्यांनी भरलेलं असतं तेव्हाही मजुराच्या घरात संत्रं येतं ते गळलेलं, डागी, आणि ते पोरं वावरातच खातात. जेवणाबरोबर फळ ही रीत त्या घरात नाही कारण जेवणाची वेळच ठरलेली नाही. चहा मात्र दिवसातून चार वेळा असतो. भूक मारायला तोच स्वस्त पडतो. पूर्वी ज्वारीची भाकर होती, अंबाडीची भाजी होती, तुरीचं घट्ट वरण होतं. आता रेशनचा गहू आणि तांदूळ आहे आणि तुरीची डाळ पातळ होत गेली आहे.

इथे एक सावधगिरीची सूचना. विदर्भात सगळा रक्तक्षय लोहाच्या कमतरतेचा नसतो. सिकलसेल इथल्या अनेक घरांत, विशेषतः आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या काही समाजांत, पिढ्यानपिढ्या चालत आलेला आहे. त्या मुलीला थंडीत, तापात, दमल्यावर हाडं फोडल्यासारख्या वेदना होतात. लोहाच्या गोळीने तिचा आजार हटत नाही. शाळेत तिला आळशी म्हणतात, घरी कामचोर म्हणतात, आणि लग्नाच्या वेळी तपासणीचा कागद लपवतात. २०२३मध्ये राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं, त्यात बाधित आदिवासी भागांतल्या चाळीस वर्षांपर्यंतच्या सगळ्यांची तपासणी अपेक्षित आहे. नववीचा वर्ग ही त्यासाठी फार योग्य जागा आहे, पण तपासणीचा निकाल फळ्यावर वाचला जाऊ नये एवढी काळजी घेतली तरच.

मधल्या सुटीत डबा नसलेला मुलगा बाहेर जातो म्हटलं. बाहेर पानठेला असतो, आणि ठेल्यावर खर्रा.

विदर्भाबाहेरच्या वाचकासाठी खर्रा म्हणजे काय ते सांगतो. भाजलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घेऊन तळहाताने घोटतात, चांगला मऊ होईपर्यंत. मग पुडी बांधतात. ती पुडी एकाने घ्यायची आणि चौघांनी वाटून खायची, यात मैत्री असते, बरोबरी असते, मोठं झाल्याची ओळख असते. तोडणीच्या टोळीत चौदा-पंधरा वर्षांचं पोट्टं पहिल्यांदा जातं तेव्हा चहाबरोबर त्याला खर्रा मिळतो. निकोटीन भूक मारतं, थकवा झाकतं. सकाळी सातपासून क्रेट उचलणाऱ्याला दुपारी एकपर्यंत उभं राहायचं असेल तर त्याला या दोन्हीची गरज असते. हे सांगताना मी खर्ऱ्याची बाजू घेत नाही. सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे हे जागतिक पातळीवर मान्य झालं आहे. सुपारीने तोंडाची आतली कातडी ताठरते, तोंड उघडेनासं होतं, तीन बोटं उभी आत जात नाहीत, तिखट लागलं की आग होते, आणि पुढे कॅन्सर. तरुण वयात हे होऊ लागलेले मुलगे वऱ्हाडातल्या कुठल्याही दंतवैद्याला विचारा. पण मुलगा खर्ऱ्याकडे का वळतो हे कळल्याशिवाय त्याला तो सोडायला सांगणं व्यर्थ आहे.

२०१६-१७च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्केच निघाले, पण धूरविरहित तंबाखू खाणारे २४.४ टक्के. म्हणजे आपला प्रश्न सिगारेटचा नाही, पुडीचा आहे, आणि आपल्या शाळांच्या भिंतींवर मात्र जळत्या सिगारेटवर फुली मारलेली चित्रं आहेत. २०१९च्या शालेय तंबाखू सर्वेक्षणात देशातले तेरा ते पंधरा वयाचे ८.५ टक्के विद्यार्थी तंबाखू वापरत होते. धूरविरहित तंबाखूला सुरुवात होण्याचं मध्यम वय दहा वर्षांच्याही आत होतं. हे सर्वेक्षण शाळेत हजर असलेल्यांचं. हंगामात शाळा सोडून टोळीत गेलेला मुलगा त्यात मोजलाच गेला नाही.

कायदा कमी नाही. २००३च्या तंबाखू नियंत्रण कायद्याने अठराच्या आतल्याला तंबाखू विकायला आणि शाळेपासून शंभर यार्डांच्या आत विकायला बंदी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२पासून बंदी आहे. बंदी असून खर्रा राहतो, कारण त्याला कारखाना लागत नाही, पन्नी आणि तळहात पुरतो. आणि ठेलेवाला कोण असतो? बऱ्याचदा बगीचा वाळलेला, कर्ज असलेला, गुडघे गेलेला माणूस. त्याची मुलंही त्याच शाळेत असतात. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने गडचिरोलीत २०१६पासून ‘मुक्तिपथ’ हे दारू-तंबाखूविरोधी काम चाललं आहे, त्यात गावाच्या संघटनेला कायद्याच्या बरोबरीने जागा दिली आहे. वऱ्हाडात अशा प्रयत्नाची निकड आहे, आणि या भूमीला तो परका नाही. गाडगेबाबा इथल्याच शेणगावचे. तुकडोजी महाराज यावलीचे, मोझरीचा गुरुकुंज त्यांचा. दोघांनीही व्यसनाविरुद्ध आयुष्यभर बोलताना माणसाच्या गरिबीला कधी शिवी दिली नाही.

खेळाविषयी थोडं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, या वयात रोज सरासरी साठ मिनिटं शरीराची चांगली हालचाल हवी. २०१६पर्यंतच्या माहितीवर झालेल्या १४६ देशांच्या अभ्यासात अकरा ते सतरा वयाची ८१ टक्के मुलं याच्या खाली निघाली. भारताचा आकडा जगाच्या मानाने बरा होता, सुमारे ७४ टक्के, आणि त्याचं एक संभाव्य कारण संशोधकांनी नोंदवलं ते वाचून मी थांबलो: मुलींची घरकामं. पाणी भरणं, झाडलोट, धुणं, भांडी, लहान भावाला काखेत घेऊन फिरणं, हे सगळं ‘हालचाली’त जमा होतं. म्हणजे जी मुलगी पहाटे पाचला उठून सात गुंड, म्हणजे हंडे, पाणी भरते ती तक्त्यात ‘सक्रिय’ ठरते आणि आरोग्याच्या बाबतीत पास होते. तिच्या भावाचं क्रिकेट आणि तिचं पाणी एका रकान्यात येतं. खेळात शरीर दमतं आणि मन हलकं होतं, आपला संघ असतो, हरण्याजिंकण्याची मजा असते. गुंडात यातलं काहीच नाही.

अमरावतीला व्यायामाची परंपरा नाही असं कोणी म्हणू नये. श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४चं. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या चमूने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली होती. कबड्डी, खो-खो, मल्लखांब हे खर्चिक खेळ नव्हेत. तरी आज गावाकडच्या शाळेत मैदान असलं तर ते मुलांचं असतं, सातवीनंतर मुली कडेला उभ्या दिसतात. ‘मोठी झाली आता’ एवढं वाक्य पुरतं.

त्या ‘मोठी झाली’मध्ये पुष्कळ दडलं आहे. पाळी आली की शाळेत संडास लागतो, संडासात पाणी लागतं, दाराला कडी लागते, आणि वापरलेलं टाकायला जागा लागते. यातलं एक नसलं की मुलगी महिन्याचे चार दिवस घरी राहते, आणि नसलेल्या या चार गोष्टींचा हजेरीपटावर उल्लेख होत नाही, गैरहजेरीचा होतो. राज्य सरकारने ८ मार्च २०१८ला ‘अस्मिता’ योजना आणली, त्यात जिल्हा परिषद शाळांतल्या मुलींना आठ पॅडचं पाकीट पाच रुपयांत द्यायचं होतं. पॅड आलं तरी पाणी यायचं राहतं. वरुडला कॉलेजला जाणाऱ्या मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण वाटेत आणि कॉलेजात जायचं कुठे? मग लघवीची जळजळ, ताप, आणि आईचं ‘काहून पाणी पीत नाही वो तू?’ एसटीचा पास ग्रामीण मुलींना बारावीपर्यंत मोफत आहे, ही अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना महाराष्ट्राने केलेल्या चांगल्या कामांपैकी एक. पण शेवटची गाडी चुकली तर काय, या भीतीनेही शाळा सुटते. आणि शाळा सुटली की घरच्यांच्या डोळ्यांपुढे एकच वाट उरते. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात वीस ते चोवीस वर्षांच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. दर पाचांत एकीहून जास्त. नववीच्या मुलींच्या कुठल्याही बाकावरून ही गणती सुरू करता येते. रक्त कमी असलेल्या मुलीचं लग्न लवकर, बाळंतपण लवकर, बाळ कमी वजनाचं. चौदाव्या वर्षी काढून घेतलेली खिचडी अशी पुढच्या पिढीपर्यंत जाते.

बागायतदाराच्या मुलाचं सगळं ठीक आहे असंही नाही. त्याच्या घरी पैसा आहे आणि त्याच्याकडून अपेक्षा आहे. दहावी झाली की अकोला किंवा नागपूर. अकोल्यात वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवण्यांची मोठी पेठ झाली आहे. वऱ्हाडातली शेकडो मुलं तिथे खोल्या घेऊन राहतात. दिवसाचे बारा तास खुर्चीवर, मेसचं जेवण, रात्री पाकिटातला चिवडा नि थंड पेय, झोप पाच तास. मैदान नाही, माय नाही, आणि प्रत्येक चाचणीचा निकाल बापाच्या फोनवर. राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात दर दहांतला एक किशोरवयीन मधुमेहाच्या उंबरठ्यावर आढळला, हे या मुलांच्या आईबापांनी वाचायला हवं. मन बिघडलं तर १४४१६ हा ‘टेलिमानस’चा मोफत क्रमांक २०२२पासून आहे, पण तो खोलीच्या भिंतीवर कोणी लावून देत नाही. या मुलाचा त्रास खरा आहे. तरी एक फरक विसरू नये. त्याची तब्येत बिघडली तर त्याला परत आणायला गाडी आहे, डॉक्टर आहे, आणखी एक वर्ष द्यायची घराची तयारी आहे. त्याच्या बाकावरच्या सोबत्याला दुसरी संधी नाही.

गावात एक बोलणं नेहमी ऐकू येतं: ताण दिल्याशिवाय बहार येत नाही. संत्र्याबद्दल ते खरं आहे. आंबिया बहारासाठी डिसेंबर-जानेवारीत, मृगासाठी मे महिन्यात झाडाचं पाणी तोडतात, पानं मलूल होऊ देतात, मग पाणी आणि खत देतात आणि झाड फुलतं. पोरांनाही थोडे हाल सोसू द्या, त्यानेच माणूस घडतो, असं म्हणणारे चांगले लोक मला ठाऊक आहेत. त्यांना माझं सांगणं एवढंच, की बागायतदार रोज झाडाखाली जाऊन पान हातात घेऊन पाहतो, जमीन हलकी असेल तर ताण कमी दिवस देतो, अशक्त झाडाला देतच नाही, आणि ताण तोडायच्या दिवशी पाणी तयार ठेवतो. मजुराच्या लेकराला ताण कोणी मोजून देत नाही, आणि पाण्याचा दिवस ठरलेला नाही. असं झाड वाळतं, हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

हंगामाचाही एक मुद्दा आहे, तो शिक्षणखात्याने कधी लक्षात घेतलेला दिसत नाही. आंबियाची तोडणी दिवाळीच्या आगेमागे असते, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन दहावी-बारावीच्या परीक्षेत. रोज मिळण्याचे दिवस आणि अभ्यासाचे दिवस एकच. त्या दोन महिन्यांत पोट्टं शाळेत येत नाही आणि त्याला ‘अभ्यासाची आवड नाही’ असा शेरा मिळतो. बालकामगार कायद्यातली २०१६ची दुरुस्ती चौदा ते अठरा वयाला धोक्याच्या कामावर बंदी घालते. फवारणीचं औषध कालवणाऱ्या, पाठीवर पंप घेतलेल्या मुलाकडे पाहून कोणाला ती आठवते? २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, तेव्हा महिनाभर सगळे हळहळले. पण उघड्या हाताने औषध कालवणं हीसुद्धा आपण ‘निष्काळजीपणाची सवय’ म्हणून नोंदवतो. हातमोजे कोणी दिले होते?

पुढच्या प्रकरणांत ताट, पुडी, मैदान, पाणी, फोन आणि हंगाम असे विषय एकेक करून येतात. हे पुस्तक शिक्षक, आशाताई, नर्सबाई, नगरसेवक आणि पालक यांच्यासाठी आहे, म्हणून त्यात संख्याशास्त्राचा बडिवार ठेवलेला नाही. वाचताना एक गोष्ट शोधत जावी अशी विनंती: प्रत्येक सवयीच्या मागे, ती लागली त्या वेळी मुलाच्या हाताशी दुसरं काय होतं? कित्येकदा उत्तर मिळेल, काहीच नव्हतं. आणि ते उत्तर मिळालं की उपायाची दिशा बदलते. विदर्भाला हे पूर्वीच कळलं होतं. पंजाबराव देशमुखांनी १९२०च्या दशकात अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं ते सगळ्या जातींच्या गरीब मुलांना एका पंगतीत जेवता यावं, राहता यावं म्हणून. शिक आणि निरोगी राहा असा उपदेश करण्याआधी त्यांनी पंगत मांडली.

आज शेंदूरजनाघाटमध्ये काय करता येईल, याची यादी मोठी होऊ शकते. मी दोन-चार गोष्टींवरच बोट ठेवतो. नववी-दहावीच्या मुलांना दुपारचं जेवण. सरकार करील तेव्हा करील, तोवर एवढ्या बागायतदारांच्या गावाला हे अवघड नाही, आणि निळी गोळी त्यानंतर. चौदा ते अठरा वयाच्या मुलींची पोषण योजना केंद्राने सध्या आकांक्षित जिल्ह्यांपुरती आणि ईशान्येच्या राज्यांपुरती ठेवली आहे, अमरावती त्यात बसत नाही. ती सगळ्या जिल्ह्यांत यावी यासाठी लोकप्रतिनिधींनी मागणी करावी. २०१४ला सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमातली ‘मैत्री’ केंद्रं दुपारी उघडी असतात, तेव्हा मुलं शाळेत किंवा वावरात असतात. ती संध्याकाळी उघडी असावीत. मृगाच्या तोडणीच्या काळात शाळा बुडालेल्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग असावेत.

आणि कोणी या पुस्तकातले प्रश्न घेऊन आपल्या शाळेत विचारायला निघालं, तर पद्धत सांभाळावी. मुलीची उत्तरं भावासमोर किंवा मास्तरांसमोर घेऊ नयेत. कागदावर नाव लिहून घेऊ नये. खर्ऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून पालकांना बोलावू नये, नाहीतर पुढच्या वेळी पूर्ण वर्ग ‘नाही’ लिहील. जातीचा प्रश्न विचारावाच, पण शेवटी, आणि उत्तर न देण्याची मुभा ठेवून. ज्या दिवशी प्रश्नावली वाटायची त्या दिवशी गैरहजर असलेल्यांची यादी हाताने वेगळी काढावी आणि संध्याकाळी, रोजावरून परतायच्या वेळेला, त्यांच्या घरी जावं. गणती तिथून सुरू करावी.